रिटायर झाल्यावर घर स्वतःचं की भाड्याचं? महिन्याचा खरा खर्च असा काढा (पुण्याच्या हिशोबाने)

"स्वतःचं घर आहे ना, मग राहायला खर्च कसला?" हे पुण्यात रिटायर होणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी ऐकवतंच, आणि समोरचा भाड्याने राहत असेल तर त्याला ऐकवतात की भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. हिशोब मात्र कोणी मांडत नाही. म्हणजे मांडतात, पण एकीकडे सोसायटीचा मेंटेनन्स आणि दुसरीकडे भाडं, एवढे दोन आकडे धरून मोकळे होतात, आणि तिथेच सगळं चुकतं.

एक वही घ्या, एक्सेल येत असेल तर एक्सेल. दोन रकाने करा, आणि आधी दोन्हीकडे सारखे असलेले खर्च काढून टाका. लाइट बिल, एमएनजीएलचा पाइपचा गॅस, वायफाय, कामवाल्या मावशी, पेपर, दूध, हे घर कोणाचंही असलं तरी लागणारच. फक्त थ्री बीएचकेची तुलना वन बीएचकेशी करत असाल तर मावशींचा पगार आणि लाइट बिल धरा, कारण घर मोठं की झाडूपोछाही मोठा.

आता स्वतःच्या घराचा रकाना. इथे गंमत अशी आहे की बहुतेक खर्च महिन्याला येतच नाहीत, वर्षाला येतात नाहीतर दहा वर्षांनी एकदम अंगावर येतात, म्हणून ते दिसत नाहीत. प्रत्येक खर्चाला तो किती महिन्यांनी येतो त्याने भागा, बस्स.

उदाहरण म्हणून कोथरूड किंवा कर्वेनगरमधला वीसेक वर्षं जुना, ८०० चौरस फुटांचा टू बीएचके घेऊ, लोन फिटलेलं. आकडे मी समजायला सोपे धरलेत, तुम्ही तुमच्या पावत्या काढून तुमचे घाला. मेंटेनन्स ३,००० रुपये. मिळकतकर वर्षाला ९,६०० म्हणजे महिना ८००. घराला आतून रंग सात वर्षांतून एकदा, एक लाख, म्हणजे महिना १,२००. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि प्लंबिंग पंधरा वर्षांतून एकदा दीड लाख, ते साधारण ८५०. सोसायटीची मोठी कामं, म्हणजे बाहेरचा रंग, लिफ्ट बदलणं, गच्चीचं लिकेज, पाण्याची टाकी, यासाठी जी वेगळी वर्गणी मागतात ती दहा वर्षांत दीड लाख धरली तर १,२५०. गिझर, नळ, वायरिंगची किरकोळ कामं ५००, घराचा विमा असेल तर २००. सगळं मिळून ७,८०० रुपये. फुकटातल्या घराला महिना पावणेआठ हजार! आणि लोन अजून चालू असेल तर ईएमआय याच्या वर.

यात दोन गोष्टी नीट तपासा. पहिली, तुमची "सोसायटी" खरंच सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात दोन्ही भरपूर आहेत आणि बोलताना सगळे सोसायटीच म्हणतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींमध्ये (म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमांमध्ये) सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, कॉमन लाइट वगैरे, सगळ्या फ्लॅटना समान वाटलं जातं. शिवाय सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवायचा निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असाल तर खर्च तुमच्या हिश्श्याच्या टक्केवारीने येतो, म्हणजे मोठा फ्लॅट तर जास्त पैसे. रिटायर झाल्यावर थ्री बीएचके ठेवायचा की नाही यावर या एका गोष्टीने बराच फरक पडतो. मेंटेनन्स महिना ७,५०० च्या वर गेला आणि संस्थेची वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे असली की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो रकान्यात घालायला बरेच जण विसरतात.

दुसरी गोष्ट मिळकतकराची. स्वतः राहत असाल तर पुणे मनपाची ४० टक्के सवलत असते, ती मधे काही वर्षं अडकली होती, २०२३ मध्ये परत चालू झाली. पण ज्यांच्या बिलात ती लागलेली नाही त्यांना पीटी-३ फॉर्म भरून पुरावे द्यावे लागतात, त्यामुळे बिल हातात घेऊन बघा, शेजाऱ्याला मिळते म्हणून आपल्याला मिळतेच असं नाही. वर्षाच्या सुरुवातीला मुदतीत भरलं तर सर्वसाधारण करात थोडी सूटही मिळत आली आहे. थकवलं तर मात्र महिना २ टक्के दंड, पेन्शनीत तो परवडत नाही.

आणि हो, बाणेर, वाघोली, उंड्री असल्या भागात घर असेल तर मेंटेनन्सचा आकडा डिसेंबरच्या बिलावरून घेऊ नका. एप्रिल-मेचं बिल बघा, टँकरचे पैसे तिथे दिसतात.

आता भाड्याचा रकाना. तसाच टू बीएचके, भाडं २५,००० धरू. डिपॉझिट ७५,०००, ते परत मिळतं पण तोवर त्यावरचं ७ टक्के व्याज बुडतं, म्हणजे महिना ४४०. दर तीन वर्षांनी घर बदलावं लागलं असं धरा (मालकाचा मुलगा परत येतो, नाहीतर घर विकायला निघतं, कारण काहीही असो), तर एक महिन्याचं ब्रोकरेज भागिले ३६ म्हणजे ७००, टेम्पो-पॅकर्सचे २० हजार धरले तर ५५०. लीव्ह अँड लायसन्सचं अॅग्रीमेंट, म्हणजे भाडेकरार, महाराष्ट्रात अकरा महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजाच्या बेरजेवर ०.२५ टक्के, आपल्या उदाहरणात ७०५ रुपये, शहरात रजिस्ट्रेशन फी १,०००, आणि घरी येऊन अंगठा घेणाऱ्या एजंटचे वेगळे. मालकाशी निम्मे-निम्मे झाले तर महिना दीडशेच्या आत. सगळं मिळून साधारण २६,८००. मेंटेनन्स कोण भरणार ते मात्र आधीच लिहून घ्या. पुण्यात बऱ्याचदा भाड्यात धरलेला असतो, पण "बऱ्याचदा" यावर विसंबू नका.

म्हणजे आजचा फरक १९,००० रुपये. इथे थांबलात तर उत्तर सोपं आहे, पण खरी गंमत पुढे आहे.

तिसरा रकाना वयाचा करा. आज बासष्टचे असाल तर बहात्तराव्या वर्षी काय? दोन्ही खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले तर दहा वर्षांनी स्वतःच्या घराचे ७,८०० चे १४,००० होतात आणि भाडेकरूचे २६,८०० चे ४८,०००. टक्के सारखेच, पण फरक १९ हजारांवरून ३४ हजारांवर. आणि पेन्शन किंवा व्याज असं वाढतं का? सिनियर सिटिझन स्कीममध्ये, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी बचत योजनेत, ३० लाखांची पूर्ण मर्यादा वापरली तर २०२५ मध्ये असलेल्या ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० मिळतात, महिना २०,५००, आणि पाच वर्षं तेवढेच. सरकारी पेन्शनीला महागाई भत्ता आहे, ईपीएसवाल्यांना, म्हणजे पीएफमधून पेन्शन घेणाऱ्यांना, तोही नाही.

आता कोणी म्हणेल, अहो पण घर विकलं आणि ते पैसे एफडीत टाकले तर? बरोबर आहे, हा मुद्दा उडवून लावू नका. कॅपिटल गेन टॅक्स (विक्रीच्या नफ्यावरचा कर), ब्रोकरेज सगळं जाऊन हातात ९० लाख उरले असं धरा. ७ टक्क्यांनी महिना ५२,५०० येतात. त्यातून २६,८०० राहायला गेले तरी २५,७०० उरतात, उलट स्वतःच्या घरात राहिलात तर खिशातून ७,८०० जातात. कागदावर आज भाड्याचं घर जिंकलं! पण हा कागद पुढे ओढा. व्याज ५२,५०० च राहतं आणि राहण्याचा खर्च बाराव्या वर्षी ५४ हजारांच्या आसपास जातो, म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी अख्खं व्याज घरातच जातं, जेवण-औषधं वेगळीच. सुरुवातीचे उरलेले पैसे शिस्तीने परत गुंतवणाऱ्याला हे जमेल. नातवाच्या मुंजीला, मुलीच्या गाडीला देऊन टाकणाऱ्याला नाही जमणार, आणि आपल्यातले बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. म्हणून माझं मत, लोन फिटलेलं आणि लिफ्ट असलेलं घर या वयात विकून भाड्याने जाऊ नये. ते स्वस्त पडतं म्हणून असं म्हणत नाही, भाड्याचा आकडा ठरवणं आपल्या हातात नसतं म्हणून. घर आहे पण हातात रोख नाही अशांसाठी रिव्हर्स मॉर्गेज हा प्रकार बँकांकडे आहे, घर तारण ठेवून तिथेच राहायचं आणि बँकेकडून पैसे घ्यायचे, वय ६० पूर्ण लागतं, विकण्याआधी त्याची चौकशी तरी करा.

लिफ्ट नसेल तर? सहकारनगर, एरंडवणे, कर्वेनगर इथल्या तीन मजली जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांचे गुडघे बोलायला लागले की हा प्रश्न येतोच. तिथे विकायच्या आधी मधला मार्ग बघा: आपलं घर भाड्याने द्यायचं आणि लिफ्टवाल्या लहान घरात भाड्याने जायचं. समजा आपल्याला २२,००० मिळतात. त्यातून काय काय जातं? स्वतः राहत नाही म्हणून मिळकतकराची सवलत जाते, ९,६०० चे साधारण १६,००० होतात, महिना ५३० जास्त. सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे घर भाड्याने दिल्याबद्दलचा आकार, लावते, तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, म्हणजे सेवाशुल्क दोन हजार असेल तर दोनशे (कमिटीने मनाला येईल तो आकडा लावला तर हे १० टक्के त्यांना दाखवा). दोन वर्षांत एक महिना घर रिकामं राहील, त्याचे ९०० च्या आसपास. हातात राहतात २०,३५०. तिकडे वन बीएचकेचं भाडं २०,००० आणि वरचे ब्रोकरेज-डिपॉझिट वगैरे धरून २१,६००. म्हणजे महिना हजार-बाराशेत जिना सुटला. शिवाय भाडी वाढली तर आपल्याला मिळणारं भाडंही वाढतं, ती सगळ्यात मोठी सोय, एफडीत ती नाही. मिळणाऱ्या भाड्यावर इन्कम टॅक्स आहे, पण भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. जुन्या घराची दुरुस्ती मात्र आपल्याच गळ्यात राहते, ती विसरू नका.

रीडेव्हलपमेंट होणार म्हणून खूश असाल तरी वही उघडा. काम चालू असताना बिल्डर भाडं देतो, ते ठीक. पण नव्या टॉवरला दोन लिफ्ट, जनरेटर, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा), जिम, पार्किंगची मशिनरी, आणि तीन हजारांचा मेंटेनन्स सात हजार झाला की तो आयुष्यभर आपल्याला भरायचाय. कार्पेट एरिया किती वाढवून मिळतोय यावर मीटिंगमध्ये तासन् तास भांडतात, नवीन मेंटेनन्स अंदाजे किती येईल हे विचारणारा एखादाच. बिल्डरकडून कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसे, मिळणार असतील तर ते मोडू नका. पाच लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर महिना २,९०० येतात, वाढलेल्या मेंटेनन्सचा निम्म्याहून जास्त भाग त्यातच सुटतो.

ज्यांचं घरच नाही आणि भाड्यानेच राहायचंय त्यांनी आज नवीन लोन काढायची घाई करू नये, पासष्टाव्या वर्षी ईएमआय कशाला. त्यापेक्षा अॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं न करता जास्त मुदतीचं करायला मालकाला तयार करा, ६० महिन्यांपर्यंत करता येतं, आणि दरवर्षीची वाढ किती टक्के ते त्यातच लिहून घ्या. घर टिकणार याची खात्री असलेला वयस्कर भाडेकरू मालकालाही हवाच असतो, वेळेवर भाडं देतात आणि पार्ट्या करत नाहीत. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर भरलेल्या भाड्यावर महिना जास्तीत जास्त ५,००० पर्यंत वजावट मिळू शकते, नवीन रिजीममध्ये ती नाही.

शेवटचा रकाना लोक टाळतात, बोलायला नको वाटतं म्हणून. दोघांपैकी एकच राहिलं तर? खर्च निम्मा होत नाही, मेंटेनन्स तेवढाच, भाडं तेवढंच. पेन्शन मात्र कमी होते, सरकारी फॅमिली पेन्शन साधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, ईपीएसमध्ये विधवेला किंवा विधुराला निम्मी. त्या रकमेतून २६,८०० की ७,८०० जाणार हे आत्ताच लिहून ठेवा. आणि सोबत दोन कागद उरकून टाका. घर स्वतःचं असेल तर सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म भरलाय का ते सेक्रेटरीकडे बघून या. भाड्याचं असेल तर पुढच्या वेळी अॅग्रीमेंट नवरा-बायको दोघांच्या नावाने करा, म्हणजे नको त्या दिवसांत मालकाकडे नव्या सह्यांसाठी जावं लागत नाही.