बेअरिंग गेलंय की टायर वाजतोय?

गाडी पन्नास-साठच्या पुढे गेली की खालून घूंऽऽ असा आवाज येतो आणि वेगाबरोबर चढत जातो. लगेच चाकाचं बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं तो भाग) बदलायला टाकू नका, आधी खात्री करा. गुळगुळीत डांबरावरून काँक्रीटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला, तर बहुधा टायर. मोकळ्या रस्त्यावर स्टीअरिंग हलकेच डावीकडे वळवा. वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजवीकडच्या बेअरिंगवर.

मग गाडी सपाट जागी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरा, दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट लागते. कानापेक्षा माझा भरवसा या बोटांवर जास्त. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा) बघा.

बेअरिंग बदलताना हातोडा नको, दाबून बसवणारा प्रेसच हवा. नकलमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा भाग) बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्या. आतल्या रिंगवर दाबलं तर नवं बेअरिंगही बसवतानाच खराब होतं. एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चुंबकीय रिंग बेअरिंगमध्येच असेल, तर ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. अॅक्सल नट (चाकाच्या मधोमधचा मोठा नट) नवा घ्या आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळा.