प्रभाराची गणितं मोबाइलच्या बॅटरीवर करून बघा

इंदूरला रामबागेत आमच्याकडे भाची दहावीचा अभ्यास करते. विजेच्या चार्जला शाळेत हिंदीत ‘आवेश’, घरी आमच्या तोंडी ‘प्रभार’, त्यामुळे आधी अर्धा तास शब्दांवरच वाद. सूत्र मात्र तिला पाठ होतं: प्रभार = धारा (म्हणजे करंट) × वेळ. धारा अँपिअरमध्ये, वेळ सेकंदांत, की प्रभार कूलोममध्ये येतो. तरी उत्तरं चुकायची, कारण वेळ मिनिटांतच ठेवायची. ०.५ अँपिअर धारा १० मिनिटं वाहिली तर प्रभार ५ कूलोम नाही, ०.५ × ६०० = ३०० कूलोम. आधी सेकंद करा, मगच सूत्राला हात लावा.

मग मी तिला मोबाइलची बॅटरी दाखवली. ५००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअर एक तासभर, म्हणजे ५ × ३६०० = १८,००० कूलोम. २ अँपिअरने भरायची तर ९००० सेकंद, अडीच तास. (प्रत्यक्षात जास्तच लागतात, शेवटी शेवटी धारा कमी होत जाते.)

खरी फजिती इलेक्ट्रॉन मोजताना होते. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार (चिन्ह सोडून) १.६ × १०⁻¹⁹ कूलोम; बॅटरीच्या १८,००० कूलोमला याने भागलं की इलेक्ट्रॉनांची संख्या मिळते. १८,००० म्हणजे १.८ × १०⁴. आधी साधे आकडे भागा: १.८ ÷ १.६ = १.१२५. घात वेगळे: ४ वजा (−१९), म्हणजे २३. उत्तर १.१२५ × १०²³. भाचीने पहिल्यांदा उणे १५ लिहिलं होतं! इलेक्ट्रॉनांची संख्या एकाहून कमी आली की समजा, घाताचं चिन्ह चुकलंय.