ड्रॉप टँक ओळखायच्या कशा? हंटरच्या किटपासून सुरुवात

जेट विमानाच्या मॉडेल किटमध्ये दोन-तीन मापांच्या ड्रॉप टँक, म्हणजे बाहेर टांगायच्या आणि उडताना टाकून देता येणाऱ्या इंधन टाक्या, येतात आणि मग कुणीतरी सांगतं, "दिसायला बऱ्या वाटतील त्या लाव." असं करू नका. कोणती टाकी लागणार हे विमानाचा उपप्रकार आणि वर्ष ठरवतात, आपली आवड नाही.

म्हणून आधी विमान नक्की करा: क्रमांक, स्क्वाड्रन, वर्ष. निम्मा घोळ इथेच मिटतो. 1971 च्या युद्धातलं आपलं मिग-21 एफएल करत असाल, तर पंखाखाली टाक्या लावायच्याच नाहीत. एफएलला पंखाखाली दोनच पायलन (टाकी किंवा शस्त्र टांगायचे आधार) होते, ते शस्त्रांसाठी. टाकी फक्त पोटाखाली. पंखाखालच्या 490 लिटरच्या टाक्या चार पायलनवाल्या पुढच्या प्रकारांच्या, त्याही बाहेरच्या पायलनवर. सी हॅरियरचंही तसंच. फॉकलंडच्या लढाईतल्या विमानाला 100 गॅलनच्या टाक्या लावा, 190 गॅलनच्या त्यानंतरच्या.

गॅलन कुणाचा तेही पाहा. ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा, अमेरिकन 3.785 चा. हंटर या ब्रिटिश लढाऊ विमानाची 230 गॅलनची टाकी म्हणजे सुमारे 1,046 लिटर, अमेरिकन फँटमची पंखाखालची 370 गॅलनची म्हणजे सुमारे 1,400 लिटर.

आता फोटोवरून माप ओळखणं. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, माझाही गेला.

हंटरच्या टाक्या दोन मापांच्या, 100 आणि 230 गॅलन. आकडे वाचून वाटतं, मोठी टाकी लहानीच्या दुपटीहून मोठी दिसेल. तशी ती दिसत नाही. घनफळ 2.3 पट असलं तरी आकार सारखाच धरला तर लांबी आणि व्यास प्रत्येकी साधारण एक तृतीयांशच वाढतात. त्यात कॅमेऱ्याजवळची टाकी उगाचच मोठी दिसते. त्यामुळे "नजरेनं कळतं" म्हणणाऱ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही.

लांबी मोजायच्या फंदात पडू नका. विमान जरा तिरकं उभं असलं की फोटोत टाकीची लांबी आखडते. व्यास मात्र आखडत नाही, गोल नळकांडं कुठूनही तेवढंच जाड दिसतं. म्हणून व्यास मोजा आणि त्याची तुलना त्याच टाकीच्या पायलनच्या उंचीशी करा, कारण दोन्ही कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. समजा पडद्यावर पायलन 12 मि.मी. आणि टाकी 24 मि.मी. भरली, तर प्रमाण दोन. आता किटमधल्या दोन्ही टाक्या त्यांच्या पायलनसह व्हर्नियरनं मोजा आणि ज्या टाकीचं प्रमाण दोनच्या जवळ येईल ती घ्या. स्केल 1/72 असो की 1/48, हिशेब बदलत नाही. फोटो मात्र टाकीच्या पातळीवरून काढलेला हवा. वरून किंवा खालून काढलेल्या फोटोत पायलन बुटका दिसतो आणि प्रमाण चुकतं.

एवढं करूनही शंका उरली तर टाकी सोडा, तिच्या आजूबाजूला पाहा. 230 गॅलनची टाकी जड, म्हणून तिला पंखाच्या पोटाशी जोडणारा तिरका आधारदांडा असतो. फोटोत तो दांडा दिसला की प्रश्न मिटला. एफजीए.9 या हल्ल्यासाठीच्या प्रकारात फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली वळणारी पट्टी) खाली येताना या टाकीला अडू नये म्हणून फ्लॅपला खाच असते. टाकी काढून ठेवली तरी खाच राहतेच, त्यामुळे खाच दिसली म्हणून मोठी टाकी लावली असं समजू नका. खाच उपप्रकार सांगते, दांडा टाकी सांगतो. आणि मोठी टाकी फक्त आतल्या पायलनवर. बाहेरच्या पायलनवर 100 गॅलनची. बाहेर 230 लावलेलं मॉडेल पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण बाकीचं काम बहुतेक वेळा सुंदर असतं. भारतीय हंटर करताना एफ.56 आणि एफ.56ए हे उपप्रकार एकच धरू नका, एफजीए.9 शी जुळतो तो एफ.56ए.

संग्रहालयातलं विमान टाकीचा पुरावा म्हणून धरू नका. निवृत्त विमानावर हाताशी असेल ती टाकी चढवलेली असू शकते. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमानन संग्रहालयात सी हॅरियर अगदी जवळून पाहता येतं. तिथे पायलन, रिव्हेट, झाकणं यांचे भरपूर फोटो काढा. टाकीसाठी सेवेतल्या काळाचाच फोटो शोधा.

टाकीचे दोन अर्धे चिकटवा, लांबीतला सांधा पुटीनं भरून घासा. पण गोलाकार फिरणाऱ्या रेषा बुजवू नका, त्या बहुधा खऱ्या टाकीचे जोड असतात.

रंग शेवटी. टाक्या एका विमानावरून दुसऱ्यावर जात, त्यामुळे फोटोत टाकीची छटा विमानापेक्षा वेगळी दिसली तर तशीच ठेवा, जुळवायला जाऊ नका.