शून्य अधिक शून्य: मिश्रणांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

गर्भावस्थेतली रसायनं आणि नर पिल्लांची जननवाढ यावर पीएचडी सुरू करताय, म्हणजे अँड्रोजन रिसेप्टर (नर संप्रेरकांचा संदेश पेशीत घेणारं प्रथिन), थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं), एजीडी (गुदद्वार आणि जननेंद्रिय यांमधलं अंतर; अँड्रोजन कमी पडलं की नरात ते घटतं) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. मी जिथे अडकले तेवढंच नीट सांगते.

माझ्या पहिल्या प्रयोगात तीन रसायनं होती. प्रत्येकाचा डोस असा निवडला की एकट्याने दिल्यास नर पिल्लांच्या एजीडीत फरक दिसू नये. तिन्हींचं मिश्रण रॅटच्या गाभण माद्यांना दिलं आणि पिल्लांचं एजीडी चांगलंच कमी भरलं. वहीत लाल शाईने लिहिलं: सिनर्जी, म्हणजे अपेक्षित बेरजेपेक्षा मोठा एकत्रित परिणाम! शून्य अधिक शून्य अधिक शून्य म्हणजे शून्यच यायला हवं होतं ना? या एका समजुतीवर अख्खं प्रकरण लिहिलं. आठ महिने त्यात गेले. मग तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "एकच रसायन स्वतःशी मिसळलंत तर?" मला उत्तर देता आलं नाही.

हे सावकाश वाचा. धरा, एका रसायनाच्या १ मात्रेने काही दिसत नाही, १० मात्रांनी एजीडी घटतं. त्या १० मात्रा दहा बाटल्यांत भरा आणि प्रत्येकीवर वेगळं नाव चिकटवा. एकेक बाटली निरुपद्रवी. दहाही एकत्र ओतल्या की परिणाम हजर. माझ्या हिशोबाने हीसुद्धा सिनर्जी ठरली असती, आणि बाटल्यांत तर एकच पदार्थ आहे! मी परिणामांची बेरीज करत होते. बेरीज डोसची करायची असते, तीही ज्याची जेवढी ताकद त्या प्रमाणात. शिवाय मोजक्या पिल्लांत फरक न दिसणं म्हणजे फरक नसणं नव्हे. माझा शून्य हा शून्य नव्हताच.

"पण ही रसायनं वेगवेगळ्या पद्धतीने काम करतात, मग डोसची बेरीज कशी करायची?" हाही प्रश्न मला छळायचा. डीईएचपीसारखं थॅलेट गर्भाच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन कमी बनू देतं, विन्क्लोझोलिन हे बुरशीनाशक रिसेप्टर अडवतं, फिनास्टराइड हे औषध टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी (त्याचं अधिक प्रभावी रूप) होऊ देत नाही. वाटा तीन, पण तिन्ही वाटांनी वाढत्या अवयवांना मिळणारा अँड्रोजनचा संदेशच क्षीण होतो. ही तीन आणि प्रोक्लोराझ हे आणखी एक बुरशीनाशक यांच्या मिश्रणावर २००९ मध्ये एका डॅनिश गटाचा अभ्यास आला. त्यात एजीडीमधली घट डोसची बेरीज करून केलेल्या अंदाजाशी जुळली. बाह्य जननेंद्रियातल्या विकृती मात्र अंदाजापेक्षा जास्त निघाल्या. म्हणजे सिनर्जी हा शब्द वर्ज्य नाही. आधी अंदाज मांडा, मग तो शब्द कमवा.

बाकीचं थोडक्यात. एका आईची आठ नर पिल्लं म्हणजे आठ नमुने नाहीत. मोजायची ती आई. एजीडी वजनाच्या घनमुळाने सुधारून घ्या. मापं एकाच माणसाने घ्यावीत, गट माहीत नसताना. डोसचे दिवस चुकवू नका: रॅटमध्ये निर्णायक काळ साधारण गर्भधारणेच्या १५.५ ते १८.५ व्या दिवसांचा, माणसात तो गर्भधारणेच्या ८ ते १४ आठवड्यांच्या आसपास धरतात. हा काळ किती लवकर येतो ते पाहा, म्हणजे हे काम का करायचं ते कळेल. पण तुमच्या रॅटच्या आकड्यांनी कुणा गर्भवतीला घाबरवू नका, ते डोस बहुधा माणसांच्या रोजच्या संपर्कापेक्षा कितीतरी मोठे असतात.

दुसऱ्याच्या पेपरमधून "परिणाम न दिसलेला डोस" उचलून थेट मिश्रण बनवणं हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. रॅटची जात बदलली, डोसचे दिवस बदलले की तो आकडा तुमचा राहत नाही. एकेका रसायनाचा डोस-प्रतिसाद वक्र (कोणत्या डोसला किती परिणाम, याचा आलेख) स्वतः काढा. कंटाळवाणं आहे, माहितीय. आणि गाइड निवडताना मोठं नाव पाहू नका. तुमचा कच्चा डेटा उघडून शेजारी बसणारा गाइड हवा. माझ्या गाइडनी प्रकरण वाचलं होतं, आकडे नव्हते.

घाबरू नका, डेटा वाया जात नाही. मी तेच आकडे घेऊन पुन्हा बसले, तिन्ही वक्रांवरून मिश्रणाची अपेक्षित रेषा काढली आणि त्यावर माझे बिंदू ठेवले. ते जवळजवळ रेषेवरच पडले. सिनर्जी नव्हती, तरी निष्कर्ष आधीपेक्षा भक्कम होता: निरुपद्रवी वाटणारे तीन डोस एकत्र येऊन नर पिल्लाची वाढ बिघडवतात. आता मिश्रण ढवळण्याआधी मी ती रेषा वहीत काढते आणि खाली तारीख टाकते.