भाकरीने माझं वजन वाढलं होतं

निवृत्त झालो तेव्हा काटा ८४ किलोवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भात कमी करा, ज्वारी-बाजरी खा. त्यातलं दुसरं वाक्यच मी ऐकलं. रात्री दोन भाकऱ्या, वर लोण्याचा गोळा आणि त्यानंतर नेहमीचा आमटी-भात. आम्ही मालवणकडचे, लालबागला जन्म गेला तरी भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. महिन्याभरात ८६!

गणित साधं आहे. १०० ग्रॅम कच्चा तांदूळ घ्या की ज्वारी, कॅलरी जवळपास सारख्याच, साडेतीनशेच्या आसपास. फरक चोथ्याचा. ज्वारीत तो साधारण १० ग्रॅम, पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. त्यामुळे भाकरी चावत बसावी लागते आणि पोट भरल्याचं वेळेत कळतं. म्हणून भाकरी भाताच्या जागी घ्यायची, भाताच्या जोडीला नाही.

दळण दोन किलोच्या वर टाकू नका. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेने फाटते. बाजरी तर आठ-दहा दिवसांत कडवट लागते. गिरणीवाल्याला आधी काय दळलं ते विचारा. गहू असेल तर सुरुवातीचं ओंजळभर पीठ वेगळं काढायला सांगा. घरी आणून बारीक चाळणीने चाळू नका. आमच्याकडे बरेच दिवस कोंडा चाळून टाकला जात होता, म्हणजे ज्यासाठी खटाटोप तेच कचऱ्यात.

ज्वारीत चिकटपणा नसतो, म्हणून पाणी उकळतं हवं. एका भाकरीपुरतं पीठ परातीत घ्या, गरम पाणी थोडं थोडं घालत चमच्याने कालवा, हाताला सोसेल इतकं निवलं की तळव्याने रगडून मळा. इथे आळस केला तर पुढे सगळी रड. पिठावर थापा, तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा, ते पाणी सुकायच्या बेताला उलटा. दुसरी बाजू भाजली की आचेवर धरा. माझ्या पहिल्या आठ-दहा भाकऱ्या कावळ्यांनीच खाल्ल्या.

एकदम रोज सुरू करू नका, पोटात गॅस धरतो. आठवड्यात तीन रात्रींपासून सुरुवात करा आणि पाणी भरपूर प्या.

बेकरीतल्या तपकिरी पावाला भुलू नका. पाकिटावरच्या यादीत जे जास्त वजनाने असतं ते आधी लिहितात. तिथे पहिलाच मैदा दिसला तर पाव परत ठेवा. रंग कॅरॅमलनेही येतो.

दीड वर्षात ७९ वर आलोय. सगळं श्रेय भाकरीला देणार नाही, रोज सकाळी राणीच्या बागेपर्यंत चालत जाऊन येतो. रविवारी मात्र सुरमईचं कालवण असतं, त्या दिवशी भातच, एक मूद. दुसरी मागितली तर ही पातेलं आत नेऊन ठेवते.