चिखलात रुतणारा गमबूट आणि वेडर घेताना

शिवडीच्या खाडीकडे ओहोटीला पक्षी पाहायला गेलं की गमबूट चिखलातच राहतो, पाय तेवढा मोज्यासकट वर येतो. बहुतेक वेळा माप चुकलेलं असतं.

१. खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे घालणार, तेच घालून माप बघा. बोटं हलली पाहिजेत, पण टाच वर सरकता कामा नये. पिंढरीशी सैल असलेला बूट चिखलात हमखास अडकून राहतो.

२. छातीपर्यंतचा वेडर, म्हणजे बूट जोडलेली पाणी न शिरणारी विजार, घेत असाल तर दुकानातच उकिडवे बसा, गुडघा वर घ्या. शिवण ताणली तर एक माप मोठा घ्या. निओप्रीनचा (जाड, फोमसारख्या रबराचा) नको, मुंबईच्या दमटपणात अंग उकडून निघतं. पातळ नायलॉनचा बरा.

३. दर मोसमाआधी अंधाऱ्या खोलीत बुटाच्या किंवा वेडरच्या आत पेटता टॉर्च सोडा. बारीक भोकही उजेडाने दिसतं. तिथे खडूने खूण करून सायकलवाल्याकडचं पंक्चरचं ठिगळ लावा. रबरी बुटावर ते छान बसतं.

वेडरवर कमरेचा पट्टा घट्ट आवळल्याशिवाय पाण्यात उतरू नका. घसरून पडलात तर आत पाणी भरतं आणि उठणं अवघड होतं.