ब्लेझर नंतर घ्या, आधी या चुका टाळा

इंदूरला रामबागेत राहते आणि पीथमपूरच्या कारखान्यांसाठी माणसं निवडते, हे एकदा चार घरांत कळलं आणि माझ्या व्हॉट्सॲपचं रोजगार कार्यालय झालं. "काकू, मुलाचा रिझ्युमे पाठवलाय, जरा पुढे सरकवा ना." सरकवते. पण आधी उघडून बघते, आणि तिथेच डोकं फिरतं.

नोकरी शोधायची म्हटलं की पोरं पहिल्यांदा ब्लेझर घेतात. मे महिन्यात! मुलाखत घेणारा स्वतः सेफ्टी शूज घालून शॉप फ्लोअरवरून आलेला असतो. इस्त्रीचा फिका शर्ट आणि पॉलिश केलेले बूट पुरतात.

खरी माती होते ती फोनवर. मागच्या उन्हाळ्यात एकाला मीच फोन लावला. आधी कॉलर ट्यूनवर वरातीचं गाणं, मग "हाँ भिया, बोलो." मी भिया नाही, क्वालिटीच्या जागेसाठी बोलतेय, म्हटलं. मागे छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीतली गर्दी, कुणीतरी "दो हॉट डॉग और" ओरडतंय, आणि हा विचारतो, "कौनसी कंपनी?" पंचवीस ठिकाणी अर्ज टाकलेले, एकही लिहून ठेवलेला नाही. पोरगा हुशार होता, गुण चांगले होते. पण मी पुढच्या नावाला फोन लावला.

माझ्या भाच्याला मी साधी वही करायला लावली: तारीख, कंपनी, पद, कुठला रिझ्युमे पाठवला. एक्सेलमध्ये करा हवं तर, मला वहीच बरी वाटते. गोंगाटात असाल तर "दहा मिनिटांत मीच फोन करतो" म्हणा आणि खरंच करा.

दुसरं दुखणं तारखांचं. एकाने पाच महिन्यांची एक नोकरी गाळली आणि आधीची ओढून तिच्यावर पांघरली. ऑफर आली, घरी पेढे वाटून झाले. मग पडताळणीत यूएएनची सर्व्हिस हिस्टरी मागितली. प्रॉव्हिडंट फंडाचा हा बारा अंकी नंबर नोकरी बदलली तरी तोच राहतो, आणि रुजू झाल्याची, सोडल्याची तारीख तिथे दिसते. ऑफर गेली. वडिलांच्या ऑपरेशनसाठी ती नोकरी सोडली होती, हे तो मला नंतर म्हणाला. अरे, हेच एका ओळीत सांगितलं असतंस तर कुणी दुसरा प्रश्नही विचारला नसता! "सगळेच वाढवून लिहितात" हा सल्ला देणारे मित्र पडताळणीच्या वेळी कुठे असतात कोण जाणे.

म्हणून रिझ्युमे लिहायला बसण्याआधी प्रॉव्हिडंट फंड सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या पोर्टलवर जा आणि तारखा तिथूनच उतरवा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने झाल्यावर ती स्वतः टाकता येते. मार्कशीटवर वडिलांचं नाव मधे आणि आधारवर नाही, हा आपल्या मराठी घरांतला नेहमीचा घोळही त्याच बैठकीत बघून घ्या.

दोन रकान्यांचे रंगीत रिझ्युमे नकोत, कंपन्यांचं सॉफ्टवेअर ते भलत्याच क्रमाने वाचतं. आणि "टीमवर्क: साडेचार तारे" म्हणजे नेमकं काय? लिंक्डइनवर "ॲस्पायरिंग लीडर" लिहू नका, "सीएनसी प्रोग्रॅमर, फॅनुक कंट्रोल, 3 वर्षं" लिहा. फोटो लग्नातून कापलेला नको, खांद्यावर मावसभावाचा हात तसाच राहतो. ईमेलमध्ये "कूलबॉय" नको.

नोकरीत असलेल्यांनो, बढतीच्या वेळी वर्षभरात काय केलं ते आठवत बसू नका. मी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चार ओळी लिहून ठेवते, किती जागा भरल्या, किती दिवसांत. साहेबांसमोर तेवढंच काढते.

आणि रिझ्युमे पीडीएफमध्ये पाठवा. कागदाचा वाकडा फोटो, कोपऱ्यात पोह्यांच्या बशीसकट, मी पुढे सरकवत नाही. तुमच्या आईने दोनदा फोन केला तरी.